भाकरीचा तक्ता आणि चिकलठाण्याचा गाळा

मी, श्रीमती सुलेखा धम्मपाल दाभाडे, वय सहासष्ट पूर्ण, व्यवसाय लघुउद्योग, राहणार गारखेडा परिसर, छत्रपती संभाजीनगर, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि सकाळच्या गोळ्या घेऊन हे मृत्युपत्र लिहून ठेवीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. विशाखा खरात यांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. मला भरीस घालू शकणारी माणसे एकतर हयात नाहीत, नाहीतर माझ्या हाताखाली काम करून निवृत्त झाली आहेत.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. ॲड. सोनिया बोर्डे यांनी मला एक पानी नमुना दिला होता, त्यात फक्त रिकाम्या जागा भरायच्या होत्या. भरून झाल्यावर लक्षात आले की कोणाला काय द्यायचे ते यात आहे, का द्यायचे ते नाही. कारण न सांगता दिलेला हुकूम माणसे पाळतात, पण मनात धरून बसतात. म्हणून सगळे पुन्हा लिहिले. वकीलबाईंनी तांबड्या शाईने जिथे जिथे "अनावश्यक" असे लिहिले, तिथला मजकूर मी तसाच ठेवला आहे.

मुख्य प्रश्न एकच आहे, तो आधीच सांगते. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत माझा एक गाळा आहे. तिथे अकरा बायका ट्रॅक्टरला लागणाऱ्या वायरींचे जुडगे बांधतात. माझ्यानंतर हा गाळा कोणी चालवायचा? माझा मुलगा प्रणय पुण्याला असतो. तो म्हणतो, मी शनिवार-रविवार येऊन चालवीन, नाही जमले तर विकून टाकू. बायका काही म्हणत नाहीत, पण तीन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाल्यापासून मला साधा खोकला आला तरी अकराजणींचे हात थांबतात. आणि त्यांच्यातली सगळ्यांत जुनी, अठरा वर्षे माझ्याजवळ असलेली रूपाली, आठ दिवसांपासून माझ्याशी कामापुरतेच बोलते आहे. कारण या कागदावर साक्षीदार म्हणून मी कचरू मिस्त्रीला बोलावले आणि तिला बोलावले नाही. "आमची सही काय कामाची," एवढेच ती म्हणाली आणि वायरी कापायला निघून गेली. तिच्या रुसव्याचे उत्तर या कागदात आहे. ते त्याच्या जागेवर येईल, तोवर तिने धीर धरावा.

कलम १. माझे अंतिम कार्य

माझे डोळे दान करावेत. फॉर्म भरलेला आहे, कपाटाच्या वरच्या खणात आहे. दहावे-तेरावे आमच्यात नाही, ते कोणाच्या आग्रहाने सुरू करू नये. भन्तेजींना बोलवावे, त्रिशरण-पंचशील व्हावे आणि एकदाच पुण्यानुमोदन करून जेवण द्यावे. जेवणाची व्यवस्था माझी नणंद करुणा हिच्याकडे द्यावी आणि तिच्या एकटीकडेच द्यावी. आमच्या नात्यात मयताच्या घरी सातजण व्यवस्था बघतात आणि पाणी कोणीच आणत नाही. त्या दिवशी कोणाचे मत विचारत बसू नये. रडणाऱ्या माणसाला "मसालेभात करू की साधा" असे विचारणे हा त्याचा छळ आहे. करुणाने सांगावे, बाकीच्यांनी करावे.

हे वाचून प्रणय म्हणेल, आई, तू तर नेहमी म्हणतेस की माणसांना विचारावे. म्हणते. पण नेहमी नाही. त्याचे सविस्तर पुढे आहे.

कलम २. शिट्टी आणि कानस

माझ्याकडे एक पितळी शिट्टी आणि लोखंड घासायची एक बारा इंची कानस आहे. बाजारात दोन्हींना किंमत नाही. पण माझे सगळे शिक्षण या दोन वस्तूंत झाले, म्हणून त्यांना स्वतंत्र कलम.

१९८८ साली कंपनीने मला लाइनवर सुपरवायझर केले. कंपनीचे नाव घेत नाही. तिने मला घडवले आणि शेवटी एका नोटिशीने घरी पाठवले, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माझ्या हाताखाली बत्तीस मुली होत्या, बहुतेक खेड्यांतून आलेल्या, पहिल्यांदाच घराबाहेर काम करणाऱ्या. त्यांना मी शिट्टीवर चालवले. तांबडी वायर वरच्या खाचेत, काळी खालच्या खाचेत, का ते विचारायचे नाही. आज कोणी याला दडपशाही म्हणेल. पण त्या मुलींना त्या दिवसांत तेच हवे होते. ज्याला कामाचा गंधही नाही त्याला पहिल्याच दिवशी "तुला काय वाटते" असे विचारले, तर त्याला वाटते की आपली परीक्षा चालली आहे.

भिंतीवर एक तक्ता असायचा. प्रत्येक मुलीचे नाव, तिची कामे आणि प्रत्येक कामासमोर चार भागांचे एक वर्तुळ. सांगितले की करते, तर एक भाग रंगवायचा. दाखवले की जमते, तर दोन. एकटी करते, तीन. दुसरीला शिकवते, तर चारही. साहेबलोकांत त्याला लांबलचक इंग्रजी नाव होते. मुलींनी पहिल्याच आठवड्यात त्याचा भाकरीचा तक्ता करून टाकला. चतकोर, अर्धी, पाऊण, अख्खी. जेवणाच्या सुट्टीत एकमेकींना विचारायच्या, "तुजी वायरीची टोकं दाबायला किती झाली गं?" "अर्धी." "मंग उपाशी नाय मरत तू."

त्या तक्त्यावरून मी माझा नियम बसवला. चतकोरला सांगावे. अर्धीला दाखवावे आणि कारणही सांगावे. पाऊणला विचारावे. अख्खीच्या वाटेतून बाजूला व्हावे. आणि कोणीही माणूस सगळ्याच कामांत अख्खा नसतो, हे विसरू नये. प्रणय हेच पुढे मॅनेजमेंटच्या वर्गात दोन वर्षे शिकला. शेवटचे वाक्य मी त्या बत्तीसजणींना लावत आले. स्वतःला लावायला मला फार वर्षे लागली.

१९९६ मध्ये मला टूलरूमवर घातले. तिथे साचे दुरुस्त करणारे चार मिस्त्री होते, सगळे मुरलेले. त्यांचे प्रमुख फकिरा मिस्त्री. सगळ्यांत धाकटा कचरू, ज्याची साक्ष खाली आहे. पहिल्या दिवशी त्याने माझे स्टूल माळ्यावर टाकले आणि म्हणाला, "मॅडम, हितं उभ्यानंच काम करत्यात." आठ वाजता मी शिट्टी वाजवली. फकिरा मिस्त्रींनी हातातली कानस खाली ठेवली, हात पुसले आणि चहा मागवला. बाकीचे तिघेही बसले. मी विचारले, काय झाले? मिस्त्री म्हणाले, "बाई, शिट्टी झाली म्हंजी सुट्टी झाली आसंल."

तीन दिवस एकही साचा बाहेर पडला नाही. तिकडे लाइनवर माझ्याच मुली हात बांधून बसलेल्या. मी वर तक्रार केली असती तर चौघांना मेमो मिळाले असते आणि साचे तिथेच राहिले असते. चौथ्या दिवशी मी शिट्टी खणात टाकली, मिस्त्रींच्या शेजारी जाऊन उभी राहिले आणि म्हटले, "मिस्त्री, यातला आधी कोणता घ्यावा आणि किती वेळ लागावा ते तुम्हीच सांगा. मला यातले चतकोरच कळते." त्यांनी माझ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "आता इचारलंस. कचरू, बाईचं स्टूल काढ."

त्यानंतर आठ वर्षे त्या खोलीत माझे काम एवढेच होते की वरच्या साहेबांना दारातून आत येऊ द्यायचे नाही. तेही पुढारपणच असते, फक्त ते दिसत नाही. मिस्त्री निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला ही कानस दिली. तिची मूठ मी तीनदा बदलली आहे. मिस्त्री जाऊन बारा वर्षे झाली, पण ती हातात घेतली की अजून त्यांचा आवाज येतो.

शिट्टी मी मुलगा प्रणय यास देत आहे. त्याला ती वाजवता येत नाही, म्हणूनच देत आहे. कानस कोणाला, ते कलम ६ मध्ये.

कलम ३. राहते घर आणि फ्रीजवरचा कागद

गारखेड्यातील माझे राहते घर, त्यातील सामानासह, मुलगा प्रणय आणि सून अपेक्षा यांना निम्मे-निम्मे देत आहे. दोघांची नावे लावावीत. अपेक्षाचे नाव आधी लिहावे.

याचे कारण सांगताना मला अजून लाज वाटते. २०१४ साली अपेक्षा लग्न होऊन या घरात आली. ती फार्मसिस्ट, दवाखान्यात कामाला. ती आली त्या आठवड्यात मी एका कागदावर पट्टीने रेघा मारून तक्ता केला आणि फ्रीजवर लावला. अपेक्षा, भाकरी : चतकोर. फोडणी : अर्धी. पाहुणे : रिकामे. मला अगदी मनापासून वाटले होते की याने तिला सोपे जाईल. आपल्याला काय येत नाही हे भिंतीवर लिहिलेले असले की ते विचारायची लाज जाते, हे मी कारखान्यात पाहिले होते. घर म्हणजे कारखाना नाही हे मला कोणी सांगितले नाही, असे म्हणणार होते. पण सांगितले होते. माझे यजमान, मुळातच शांत माणूस, म्हणाले होते, "सुलू, ती नोकरीला लागली नाय, सून म्हणून आलीय." मी ऐकले नाही.

अपेक्षाने कागद तसाच राहू दिला. आठ दिवसांनी त्या कागदाच्या तळाला पेन्सिलीने एक नवी ओळ दिसली. आई, ऐकून घेणे. आणि पुढे एक गोल, पूर्ण रिकामा. पाच महिन्यांनी दोघे पुण्याला गेले. बदली झाली असे सांगितले. बदली मागून घेतलेली होती, हे मला दोन वर्षांनी कळले.

तो कागद मी काढला नाही. फ्रीज बदलला तेव्हा तो नव्या फ्रीजवर गेला. यजमान २०१९ ला गेले, तेव्हा घरभर माणसे असताना कोणीतरी तो काढायला लागले. अपेक्षाच म्हणाली, "राहू द्या."

२०२२ मध्ये माझी शस्त्रक्रिया झाली आणि अपेक्षा रजा घेऊन चाळीस दिवस माझ्याजवळ राहिली. उठायचे कसे, छातीवर उशी धरून खोकायचे कसे, कोणती गोळी कशाआधी, यातले मला काहीच येत नव्हते. ती सांगायची, मी करायची. एकदा मी विचारले, हे असेच का? ती म्हणाली, "का, ते विचारायचं नाही." आणि हसली. माझी छाती दुखेपर्यंत मीही हसले. ती परत निघाली त्या दिवशी फ्रीजवरच्या त्या गोलाचे दोन भाग रंगवलेले दिसले.

मी म्हटले, "अर्धीच?"

"दाखवलं की जमतंय आता तुम्हाला, आई."

तो कागद मी सून अपेक्षा हिला देत आहे. उरलेल्या दोन भागांचे काय करायचे ते तिने माझ्या पश्चात ठरवावे. मेलेल्या माणसाला गुण वाढवून देण्याची आपल्याकडे रीत आहे, ती इथे पाळू नये.

कलम ४. इतर वस्तू आणि एक शिडी

बँकेतील मुदत ठेव आणि माझ्या दोन पाटल्या नणंद करुणा हिला. मी पहिल्या पाळीला जायचे तेव्हा प्रणयला अंघोळ घालून शाळेत सोडणारी तीच. त्याला वाचायला मी शिकवले असे मी सगळ्यांना सांगत आले. तिने शिकवले.

पुस्तकांचे कपाट आणि तीन सतरंज्या आमच्या गल्लीतील विहाराला. तिथल्या महिला मंडळाने मला एकदा अध्यक्ष केले होते. मी पहिल्याच बैठकीत कामांची वाटणी वाचून दाखवली आणि पुढच्या बैठकीला मी आणि सतरंजी, दोघीच होतो. तिथे कोणी पगारी नाही, कोणाला मेमो देता येत नाही. मग मी कोणाला काही न सांगता रविवारी झाडू घेऊन जायला लागले. तिसऱ्या रविवारी सातजणी आल्या. पाचव्या रविवारी त्यांनी मला बाजूला बसवले आणि झाडू हिसकावून घेतला.

दीर कडुबा यांच्याकडे माझी ॲल्युमिनियमची शिडी आहे. १९९९ च्या दिवाळीत आकाशकंदील लावायला दोन दिवसांसाठी नेली होती. ती त्यांच्याकडेच राहू द्यावी. मात्र ती माझी आहे, हे पुण्यानुमोदनाच्या दिवशी चारचौघांत सांगावे.

कलम ५. अंमलबजावणी

या मृत्युपत्राची अंमलबजावणी सून अपेक्षा हिने करावी. अडचण आली तर तिने वकीलबाईंना विचारावे, प्रणयला कळवावे आणि नंतर स्वतःला योग्य वाटेल तसे करावे. या कामासाठी मी तिला तक्ता केलेला नाही.

कलम ६. चिकलठाण्याचा गाळा

हा गाळा माझी स्वकष्टार्जित मिळकत आहे. २००४ साली कंपनीची लाइन बंद झाली, हातात आलेल्या पैशांतून मी तो घेतला. तीन मशीन, चार बायका आणि मी.

२००७ मध्ये रूपाली आली. सिल्लोडकडच्या खेड्यात वाढलेली, लग्न होऊन बजाजनगरला आलेली, नवरा पुंजाराम रिक्षा चालवतो. मी विचारले, काय येते? म्हणाली, "काय बी येत नाय. पण एकडाव दावलं की इसरत नाय." गाळ्याच्या भिंतीवरही भाकरीचा तक्ता आहे. दोन वर्षांत तिची सगळी कामे पाऊण झाली. त्यानंतर तिने एकामागून एक सात मुली तयार केल्या. नियमाने तिचा चौथा चतकोर तेव्हाच रंगवायला हवा होता. मी रंगवला नाही. तिने एकदाच विचारले, "ताई, माजं पाऊणवरच आडलंय का?" मी म्हटले, "बघू." त्या बघूला तेरा वर्षे झाली.

खरे कारण आता लिहिते, कारण आता मला कोणी बोलणार नाही. अख्खीच्या वाटेतून बाजूला व्हावे, हा नियम मीच केला होता. रूपाली अख्खी झाली असती तर मला बाजूला व्हावे लागले असते. बाजूला होऊन मी कुठे गेले असते? यजमान गेल्यावर तर त्या गाळ्यातल्या खुर्चीशिवाय मला जागा नव्हती. मी एका गुणी बाईची भाकर तेरा वर्षे झाकून ठेवली. रूपाली, याची मी तुझी माफी मागते.

आता प्रणयचे. माझ्या आजारपणाच्या चार महिन्यांत त्याने घरून नोकरी सांभाळून गाळा चालवला. रोज सकाळी सगळ्यांना गोल बसवायचा, चहा द्यायचा आणि प्रत्येकीला विचारायचा, तुला काय वाटते, आज काय बदलावे? जुन्या बायकांना ते फार आवडले. इतकी वर्षे मी त्यांना कधी असे बसून विचारले नव्हते, आणि त्यांच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते. मशीनच्या जागा त्यांच्या सांगण्यावरून बदलल्या, त्या आजही तशाच आहेत आणि त्याच बरोबर आहेत. पण नुकत्याच कामाला लागलेल्या एका मुलीला त्याने हेच विचारले, तेव्हा ती रडायला लागली. "मला काय वाटायचं दादा, मला वायर कोणती धरायची ते सांगा की."

मग तो धुराचा दिवस. वायरींवरची नळी तापवून बसवायचे गरम हवेचे यंत्र कोणीतरी जेवायला जाताना चालूच ठेवले आणि शेजारच्या खोक्यांनी पेट घेतला. धूर आत भरायला लागला. प्रणय उभा राहिला आणि म्हणाला, "सगळे शांत राहा, आधी नक्की काय झालंय ते समजून घेऊ." रूपाली, जिचा आवाज मी पंधरा वर्षांत शेजारच्या टेबलापलीकडे गेलेला ऐकला नव्हता, तिने मेन स्विच खाली ओढला आणि ओरडली, "उठा. पिशव्या हितंच ऱ्हाऊ द्या. दारातून बाहीर व्हा. प्रणयदादा, तुमी बी." बाहेर एकेकीचे नाव घेऊन तिने मोजले. स्वतःसकट अकरा आणि दादा. मग वाळूच्या बादल्या घेऊन ती आणि प्रणय आत गेले. एक रॅक जळाला, माणसाला चटका लागला नाही.

पण मी तिला गाळा देते आहे तो त्या ओरडण्यासाठी नाही. ओरडता मलाही येते. दुसऱ्या दिवशी तिने काय केले ते ऐकून मी ठरवले. दुसऱ्या दिवशी ती चहा घेऊन सगळ्यांमध्ये खाली बसली, प्रणय बसवायचा तशीच गोल, आणि म्हणाली, "कुनी केलं ते इचारत नाय मी. कसं झालं ते सांगा, म्हंजी पुन्यांदा व्हनार नाय." ती नवी मुलगी स्वतः बोलली. तिला कोणी रागावले नाही. त्या दिवसापासून जेवायला जाताना मेन स्विच बंद करायचे काम त्याच मुलीकडे आहे, आणि ती ते एकदाही विसरलेली नाही. मी असते तर धुरात ओरडले असते आणि दुसऱ्या दिवशीही ओरडले असते. प्रणयने दोन्ही दिवस चहाच दिला असता. रूपालीला दिवस ओळखता येतो.

हे सगळे मला दवाखान्यात येऊन सांगितले कोणी, तर प्रणयनेच. काही लपवले नाही. "आई, धूर येत होता आणि मी मीटिंग घेत होतो," असे म्हणून तो माझ्या पायाशी बसून राहिला. बाळा, तेव्हा मी काही बोलले नाही, घशात नळी होती. आता बोलते. तुझी रीत वाईट नाही. तुझ्या ऑफिसात सगळे शिकून-सवरून आलेले आहेत, तिथे विचारूनच काम होते. माझी शिट्टीही वाईट नव्हती, पण मी ती टूलरूममध्ये वाजवली आणि तिचाच कागद करून फ्रीजवर लावला. आपण दोघांनी एकच चूक केली. एका ठिकाणी जमलेले दुसऱ्या ठिकाणी तसेच्या तसे नेले. तुझ्यावर माझा राग नाही, कधी नव्हता. गिऱ्हाइकाशी बोलण्यात तू अख्खा आहेस. रूपालीने फोन केला तर मदत कर. तिने केला नाही तर वाट बघ.

सबब, चिकलठाणा येथील सदर गाळा, त्यातील सर्व मशीन, कच्चा माल, नाव आणि गिऱ्हाइके मी श्रीमती रूपाली पुंजाराम शेजूळ, राहणार बजाजनगर, हिला पूर्ण मालकीने देत आहे. फकिरा मिस्त्रींची कानसही तिलाच.

इथे आधी नऊ अटी होत्या. अकराजणींपैकी कोणाला कमी करू नये. साडेनऊला काम सुरू करावे. प्रणयला विचारल्याशिवाय नवे गिऱ्हाईक घेऊ नये. दाराचा निळा रंग बदलू नये. अशा नऊ. सोनियाताईंनी त्या टाइप करून आणल्या आणि विचारले, "ही बाई तुमच्या तक्त्यात किती आहे?" मी म्हटले, अख्खी. पहिल्यांदाच मोठ्याने म्हटले. त्या म्हणाल्या, "मग या अटी कोणासाठी आहेत?" मी ते पान फाडून टाकले. निळ्या रंगाचे मनातून जात नाही, पण दार आता तिचे आहे. तक्त्याचा तांबडा खडू माझ्या खुर्चीच्या खणात आहे. चौथा चतकोर तिने स्वतः रंगवावा, आणि तो रंगवताना बाकीच्या दहाही जणी समोर असाव्यात.

राहिला तो रुसवा. रूपाली, मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला मिळालेल्यावर पुढे कोर्टात बोट ठेवता येते. त्याच्या नवऱ्याने किंवा बायकोने केली तरी. वकीलबाईंनी हे मला दोनदा बजावले. कचरूला मी काहीच दिलेले नाही, त्यामुळे त्याने खुशाल सही करावी. तुला हे मी तोंडी सांगू शकले असते. पण तू नको म्हणाली असतीस, आणि मला ते ऐकून घ्यावे लागले असते. ऐकून घेण्यात माझी अजून अर्धीच आहे. म्हणून आठ दिवस तुझा रुसवा सोसला, आणि पुढेही मी असेपर्यंत सोसेन. तुझी सही या कागदावर नाही. माझ्यानंतर गाळ्यातल्या प्रत्येक कागदाला तीच लागेल.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि मला तो कबूल आहे. तारीख मी मुद्दाम निवडली आहे, का ते घरच्यांना सांगायला नको.

ठिकाण : छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १४ ऑक्टोबर २०२५

(सही) सुलेखा धम्मपाल दाभाडे

सुलेखाबाईंनी आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. मजकूर आम्ही वाचलेला नाही. सही करताना बाई बसलेल्या होत्या. स्टूल साक्षीदार क्रमांक एक यांनी आणून दिले.

साक्षीदार १ : (सही) कचरू रंगनाथ गायके, निवृत्त टूलरूम फिटर, राहणार चिकलठाणा

साक्षीदार २ : (सही) डॉ. विशाखा खरात, राहणार गारखेडा